तीळ, तेल आणि तेली
(मंडळाच्या वर्धा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञातिसंमेलनात बोलावयास उभ्या राहणाऱ्या वक्त्याकडून श्रोते बहुधा दोन गोष्टींची अपेक्षा करतात. त्याने समाजाच्या पूर्वजांचा मोठेपणा सांगावा, आणि मग तरुणांना शिक्षणाचा व उद्योगाचा उपदेश करावा. ही दोन्ही कामे करणारे अधिकारी पुरुष व्यासपीठावर बसलेले आहेत. म्हणून आज आम्ही एक लहानसे काम अंगावर घेतले आहे. आपल्या सर्वांच्या घरी रोज सकाळी फोडणी घालताना उच्चारला जाणारा एकच शब्द घेऊन त्याचे कूळ आणि मूळ शोधावयाचे. तो शब्द म्हणजे 'तेल'.

हा शब्द आपणांस इतका जवळचा आहे, की त्याकडे आपले लक्षच जात नाही. परंतु आपल्या समाजाचे नाव या शब्दावरून पडले. या नावाचा आपल्यापैकी कित्येकांना अभिमान वाटतो, तर कित्येकांना, विशेषतः शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांना, संकोच वाटतो. आम्हांस दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. ज्या नावाचा अभिमान धरावयाचा किंवा ज्याची लाज बाळगावयाची, त्याचा अर्थ निदान नीट माहीत असावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. संस्कृतात 'तिल' म्हणजे तीळ. तिळापासून झालेले ते 'तैल'. 'शिव' या शब्दावरून 'शैव' होतो, 'विष्णू'वरून 'वैष्णव' होतो, त्याच रीतीने पहिल्या स्वराची वृद्धी होऊन 'तिल' याचा 'तैल' झाला. याचा अर्थ असा, की आरंभी तेल एकच होते आणि ते तिळाचे. आज आपण 'तिळाचे तेल' म्हणतो तेव्हा शब्दाच्या मुळाकडे पाहता एकच गोष्ट दोनदा सांगतो. आणि 'फल्लीचे तेल' म्हणतो तेव्हा अक्षरशः 'भुईमुगाचे तिळाचे' असे काही तरी अजब बोलत असतो!

पुढे 'तैल' याचे प्राकृतात 'तेल्ल' झाले आणि मराठीत 'तेल'. येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील, की 'तिल' याचा मराठीत 'तीळ' झाला, मग 'तैल' याचा 'तेळ' का झाला नाही? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मराठीच्या घडणीत आहे. दोन स्वरांमध्ये एकटा असलेला संस्कृत 'ल' मराठीत बहुधा 'ळ' होतो : फल-फळ, मूल-मूळ, काल-काळ. परंतु प्राकृतात ज्या 'ल'चे द्वित्त झाले, तो मराठीत 'ल'च राहिला. 'मूल' याचे 'मूळ' झाले, पण 'मूल्य' याचे 'मोल्ल' होऊन 'मोल' झाले. वेळ दाखविणारा 'काल' हा 'काळ' झाला, पण 'कल्य' यापासून आलेला, गेलेला दिवस दाखविणारा 'काल' तसाच राहिला. तीळ आणि तेल यांचेही तसेच आहे. बाप-लेक एकाच घरचे, परंतु लेक प्राकृताच्या गावी जाऊन आला आणि त्याची बोली निराळी झाली.

तीळ हे आपल्या देशातील फार जुन्या तेलबियांपैकी एक. हडप्पा येथील उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा मिळाला आहे. म्हणजे चार हजार वर्षांहून अधिक काळ हे बी आपल्या लोकांच्या घरात आहे. आयुर्वेदाने घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह मानले, आणि चरकाने सर्व तेलांत तिळाच्या तेलाला श्रेष्ठ ठरविले. मराठी माणसाच्या बोलण्यातही तीळ पावलोपावली पडलेला आहे. आपण तिळमात्र शंका ठेवीत नाही, एकाद्यासाठी आपला जीव तिळतिळ तुटतो, रागाने अंगाचा तिळपापड होतो, सोडलेल्या गोष्टीला आपण तिलांजली देतो, आणि एक तीळ सात जणांत वाटून खाण्याचा उपदेश मुलांना करतो. लहानाहून लहान वस्तू सांगावयाची झाली की मराठी माणसाला तीळच आठवतो.

असे असता 'तेल' हा शब्द तिळाच्या घरातून बाहेर केव्हा पडला? ही गोष्ट फार जुनी आहे आणि ती खुद्द संस्कृत वैयाकरणांच्या ध्यानात आली होती. एरंडाच्या तेलाला 'एरंडतैल' आणि हिंगणबेटाच्या तेलाला 'इंगुदतैल' म्हणू लागले, तेव्हा अडचण उभी राहिली. एरंडात तीळ कोठून आला? पाणिनीच्या सूत्रांवर नंतरच्या वैयाकरणांनी यावर तोडगा काढला, तो असा, की अशा शब्दांत 'तैल' हा शब्द न मानता स्निग्ध पदार्थाचा अर्थ दाखविणारा एक प्रत्ययच मानावा. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'एरंडतैल', 'इंगुदतैल' यांच्या पंक्तीस 'तिलतैल' हेही बसविले आहे. तिळाच्या स्वतःच्या लेकाची ओळख पुन्हा तिळाचे नाव घेऊन करून द्यावी लागली! शब्दाने घर सोडले, याची याहून स्पष्ट नोंद दुसरी कोणती असणार?

हा प्रत्यय मराठीत आजही जिवंत आहे. खोबऱ्याचे ते खोबरेल, एरंडाचे ते एरंडेल, करंजाचे ते करंजेल, फुलांचा वास दिलेले ते फुलेल. या शब्दांच्या शेवटी जे 'एल' ऐकू येते, ते झिजून राहिलेले 'तेल'च होय. मौज अशी, की इंग्रजी अमदानीत विलायती खनिज तेल डब्यांतून गावोगाव आले, तेव्हा 'रॉक ऑइल' या परक्या नावाचे आपल्या लोकांनी 'रॉकेल' केले, आणि ते खोबरेल-एरंडेलांच्या ओळीत असे चपखल जाऊन बसले, की जणू पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरे! त्याचेच दुसरे नाव 'मातीचे तेल'. मातीचे तेल म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तिळाचा लवलेशही नसतो. मुंबई हायच्या समुद्रतळाखाली १९७४ मध्ये जे सापडले, त्यालाही आपण तेलच म्हणालो. दाण्याएवढ्या तिळाच्या नावाने आज जहाजे चालतात आणि राष्ट्राराष्ट्रांत भांडणे होतात.

हा प्रवास केवळ आपल्या भाषेने केला असे नाही. ग्रीक लोकांच्या देशात तीळ नव्हे, ऑलिव्हचे झाड घरोघरी. त्या फळाच्या नावावरून त्यांनी तेलाला नाव दिले. ते लॅटिनमध्ये 'ओलेउम' झाले आणि इंग्रजीत 'ऑइल'. 'पेट्रोलियम' म्हणजे खडकातले ऑलिव्हचे तेल! अरबीतही 'जैतून' म्हणजे तेच फळ आणि 'जैत' म्हणजे तेल. आमच्या शेजारच्या तेलुगू भाषेत तेलाला 'नूने' म्हणतात. त्यातील पहिला भाग तिळाचा आणि दुसरा तुपाचा, म्हणजे 'तिळाचे तूप'. तमिळ 'एण्णेय्' हा शब्दही अगदी याच घडणीचा. वाटेत एक सूचना करून ठेवतो. तेलुगू आणि तेल या शब्दांत सारखेपणा दिसतो म्हणून त्यांचे नाते जोडू नये. ज्या भाषेत तेलाला 'नूने' आणि तिळाला 'नुव्वुलु' म्हणतात, तिचे नाव तेलावरून कसे पडेल? कानाला सारखे लागले म्हणजे सोयरिक झाली असे नव्हे.

आता आपल्या नावाकडे वळू. 'तैलिक' याचे 'तेल्लिअ' झाले आणि त्याचे 'तेली'. शब्द सरळ आहे, त्यात गूढ काही नाही. परंतु याहूनही जुने एक नाव आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची रक्कम ठेवली, आणि ती गोवर्धन येथील व्यावसायिकांच्या श्रेणींकडे सोपविली. त्यांत कुंभारांची श्रेणी आहे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची आहे, आणि 'तिलपिषकां'ची आहे. तिलपिषक म्हणजे तीळ दळणारे. त्या काळी आपल्या माणसांच्या नावात अजून तीळ स्पष्ट दिसत होता. श्रेणी म्हणजे काय, हे आजच्या भाषेत सांगावयाचे तर पतपेढी आणि व्यवसाय-संघ यांचा संगम. पैसा ठेवावा, तो बुडणार नाही, त्याचे व्याज वर्षानुवर्षे आजाऱ्यांच्या औषधासाठी मिळत राहील, असा विश्वास ज्यांच्याविषयी वाटला, त्यांत तिळाचे तेल काढणारे होते.

दुसरा लेख ताम्रपटावर आहे. तो इंदोरचा म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र हे इंदोर मध्यप्रदेशातले नव्हे, तर उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातले. गुप्त संवत् १४६, म्हणजे इ. स. ४६५-६६, सम्राट स्कंदगुप्ताचा काळ. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी दान दिले आणि ते तेथील तैलिकांच्या श्रेणीच्या हाती ठेवले. जीवंत हा त्या श्रेणीचा प्रमुख होता. श्रेणीने रोज दोन पळे तेल दिव्यासाठी द्यावयाचे. आपण आजही 'देवाची तेलवात' म्हणतो, तीच ही. या ताम्रपटात एक अट घातलेली आहे, आणि ती आजच्या सभेत आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. हे तैलिक पुढेमागे ते गाव सोडून दुसरीकडे गेले, तरी जोवर त्यांच्यात एकी राहील तोवर हे दान त्यांच्याकडेच राहील, असे तीत म्हटले आहे. दान ठेवणाऱ्याने गावाकडे पाहिले नाही, जमिनीकडे पाहिले नाही, एकीकडे पाहिले. आपल्यापैकी किती कुटुंबे सेलू, देवळी, आर्वी, समुद्रपूर या बाजूंकडील खेड्यांतून उठून वर्ध्यात, नागपुरात, पुण्या-मुंबईत गेली! ही अट जणू आपल्यासाठीच लिहिलेली आहे.

ही झाली एक बाजू. दुसरीही सांगितली पाहिजे. कारण केवळ गोड ते सांगणे हे वक्त्याचे काम नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, कोणाकडून दान घेऊ नये हे सांगताना, तेल्याच्या घाण्याला दहा खाटिकखान्यांच्या बरोबरीचे ठरविले आहे. बी चिरडले जाते, म्हणजे जीव मारला जातो, हे त्याचे समर्थन. घरातून बाहेर पडताना तेली समोर आला तर अपशकुन, अशी समजूत गावोगाव होती आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही. आता विचार करा. ज्याचे तोंड पाहू नये, त्याच्याच हातच्या तेलाने देवघरातला दिवा लागतो. शनिवारी मारुतीला तेच तेल वाहिले जाते. लग्नात तेलवण त्याच्यावाचून होत नाही. 'मुहूर्ताचा घाणा भरणे' हा विधी तर सर्व जातींच्या मांडवांत होतो, आणि सुवासिनी मुसळ हाती घेऊन नावाने का होईना, आपलाच व्यवसाय करतात. घाणा शुभ आणि घाणा चालविणारा अशुभ, हा कोणत्या शास्त्रातला न्याय? पोथीने आपणांस दूर ठेविले. परंतु दगडाने आणि तांब्याने आपल्यावर विश्वास ठेवल्याची साक्ष दिली. या दोहोंपैकी कोणती साक्ष मुलांना प्रथम शिकवावी, हे आपण ठरवावयाचे आहे.

'घाणा' या शब्दाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. कारण त्यावरून मुलांची थट्टा होते. दुर्गंधी या अर्थाचा 'घाण' हा शब्द संस्कृत 'घ्राण', म्हणजे नाक किंवा वास घेणे, यापासून आला. त्याचा आपल्या घाण्याशी काडीइतका संबंध नाही. घाण्याचे सोयरे दक्षिणेकडे आहेत : कानडीत घाण्याला 'गाण' म्हणतात, तेलुगूत 'गानुग' म्हणतात. कानडी मुलखात तेल काढणारा तो 'गाणिग', आणि गुजरातेत घाणीवरूनच 'घांची'. चुना दळण्याची ती घाणी, उसाचा रस काढावयाचा तोही घाणा, आणि कढईत एका वेळी जेवढ्या पुऱ्या तळल्या जातात तोही एक घाणाच. म्हणजे एका खेपेस जेवढे काम उरकते ते माप, असाही अर्थ या शब्दाला आला. आमच्या भगिनी 'पहिला घाणा उतरला' म्हणतात तेव्हा त्या नकळत घाण्याच्या उखळाचीच आठवण जागवीत असतात.

तेली हे नाव केवळ आपल्या एका ज्ञातीचे होते असेही नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक शतकानुशतके राहत होते. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. ते त्यांच्या धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आणि सोमवारी, महादेवाच्या वारी, घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. १९४८ नंतर त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. धर्म निराळा, देव निराळा, पण घाणा एक आणि नाव एक. तेली हा शब्द एका कामाचे नाव होते. त्याला कुंपण नंतर पडले.

आणि कुंपणाच्या आत पुन्हा किती कुंपणे! आपल्यात एकबैले आणि दोनबैले असे भेद झाले. एकाच्या घाण्याला एक बैल, दुसऱ्याच्या घाण्याला दोन. एवढ्यावरून रोटी-बेटी अडली. कोणी एरंडी गाळी म्हणून तो एरंडेल तेली, तो आणखी निराळा. आज त्या घाण्यांपैकी किती उरले आहेत? बैल गेले, जू गेले, लाट गेली, बैलाच्या डोळ्यांवरची झापडही गेली. झापड मात्र आपल्या डोळ्यांवर राहून गेली काय, असा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत एकाद्या वडीलधाऱ्याने 'ते एकबैले की दोनबैले?' असे विचारले की आमच्या मनात येतो. ज्या शब्दाचा पदार्थ संपला, त्या शब्दासाठी दोन मुलांचे जुळत आलेले लग्न मोडावे काय? आम्हांस वाटते, हा शब्द कोशात ठेवावा. लग्नाच्या बैठकीत ठेवू नये.

आता एका गैरसमजाविषयी. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि ती ऐकताना मान थोडी खाली गेली आहे. काही अभ्यासक असे सुचवितात, की यातला गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव, आणि तेली म्हणजे चालुक्यांचा तैलप. म्हणजे म्हण दोन राजांविषयी आहे, तेल्याविषयी नाहीच. तर्क चतुर आहे. गांगेयदेव भोजाचा समकालीन होता आणि तैलपाने भोजाच्या चुलत्याला, मुंजाला, मारिले हेही खरे. परंतु तर्क तो तर्कच. तो सिद्ध झालेला नाही. आपल्या समाजातील काही उत्साही लेखक यावरून आपले कूळ थेट चालुक्यांशी जोडू पाहतात. बंधूंनो, आम्हांस याची गरज वाटत नाही. तेली म्हणजे तेल काढणारा माणूस. हा अर्थ लपवून त्या जागी राजा बसविला, तर तेल काढणे लाजिरवाणे आहे, हे आपणच कबूल केल्यासारखे होईल. खोट्या राजापेक्षा खरा तिलपिषक आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

व्यवसाय सुटला तरी नाव राहते, यात कमीपणा नाही. आपल्या वर्ध्यात ज्या महात्म्याने वास्तव्य केले, त्यांचे आडनाव 'गांधी'. त्या शब्दाचा मूळ अर्थ सुगंधी द्रव्ये व किराणा विकणारा. त्यांच्या घराण्यात तो धंदा पूर्वीच सुटला होता आणि आजोबा-वडील संस्थानांचे दिवाण झाले होते. परंतु नाव बदलण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कुळकर्णी, देशमुख, पाटील यांची वतने कायद्याने गेली, आडनावे कोणी टाकली नाहीत. आपल्याकडेही छत्तीसगडापासून नागपूरपर्यंत जे 'साव' व 'साहू' ही नावे लावतात, त्यांचे मूळ 'साधु' या शब्दात आहे. जुन्या भाषेत साधु म्हणजे सचोटीचा व्यापारी. सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. सचोटी हे ज्या नावाचे मूळ आहे, ते लावताना माप आणि वजन खरे ठेवावे लागते, एवढे मात्र विसरू नये.

वर्धा जिल्ह्याचे नाव तर घाण्याच्या इतिहासात स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाज यांनी आपली बाग व घर दिले, त्याचे मगनवाडी असे नाव ठेवण्यात आले, आणि डॉ. कुमारप्पांनी तेथील कारभार सांभाळला. त्या काळी गिरण्यांच्या तेलापुढे गावोगावचे घाणे बंद पडत चालले होते. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा बारकाईने अभ्यास केला, गावच्या घाण्यांतील दोष पाहिले, आणि सुधारलेली घाणी तयार केली. ती पुढे देशभर 'वर्धा घाणी' या नावाने ओळखली गेली. लक्षात घ्या, गावाला घाण्यामुळे नाव मिळाले असे नव्हे; घाण्यालाच आपल्या गावाचे नाव मिळाले. येथील मगन संग्रहालय १९३८ मध्ये उघडले. घरच्या मुलांना तेथे घेऊन जावे. ज्या कामावरून आपले नाव पडले, त्याविषयीचा आदर तेथे गेल्यावर त्यांना आपोआप कळेल.

घाणे तरीही टिकले नाहीत. यंत्राने कमी वेळात अधिक तेल निघू लागले, आणि शेतांतून जवस व तीळ मागे पडून सोयाबीन आले. पूर्वी वर्धेच्या खेड्यांतून जेवणाला जवसाचे तेल असे. आज दुकानातून बंद पिशवी येते आणि तिच्यावरचे नावही पुष्कळदा कोणी वाचीत नाही. व्यवसाय गेल्याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच वाटेने फिरत राहावे, असे आम्ही तरुणांस मुळीच सांगणार नाही. त्यांनी शिकावे, डॉक्टर व्हावे, अभियंते व्हावे, दुकाने व कारखाने काढावेत. परंतु व्यवसायाबरोबर त्याचे शब्दही जात आहेत, आणि ते मात्र जाऊ देण्याचे कारण नाही. उखळ, लाट, झापड, ढेप हे चार शब्द आज सभेतल्या सर्वांना समजले असतील. घाण्याच्या प्रत्येक लाकडाला, प्रत्येक दोराला, तीळ पडल्यापासून तेल सुटेपर्यंतच्या प्रत्येक पायरीला निराळे नाव होते. ती नावे आज ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या आणि आजींच्या तोंडी आहेत, आणि कोठल्याही कोशात ती सर्व सापडणार नाहीत.

म्हणून मंडळाला आमची एक विनंती आहे. पुढील वर्षाच्या अंकासाठी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडील माणसांजवळ बसावे आणि घाण्याचे जेवढे शब्द त्यांना आठवतात, तेवढे त्यांच्याच उच्चारात लिहून पाठवावे. कोणत्या गावचा शब्द, तेही लिहावे. कारण आर्वीकडचा शब्द हिंगणघाटाकडे निराळा असू शकतो. काव्य नको, अलंकार नकोत. शब्द आणि त्याचा अर्थ, एवढे पुरे. हे काम मुलींनी आणि मुलांनी करावे. त्यांना आपल्या नावाचा संकोच वाटत असेल, तर तो उपदेशाने जाणार नाही. आजीच्या तोंडून घाण्याची भाषा ऐकताना जाईल.

हे काम आपल्या परंपरेला सोडून नाही. संत तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज हे चाकणचे तेली. त्यांच्या हातच्या वहीवरूनच वि. ल. भावे यांनी तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापला. अभंग तुकोबांचे होते. ते जपणारा हात तेल्याचा होता. घाणा चालवून तेल काढणारा माणूस दुसऱ्याचे शब्द इतक्या निष्ठेने जपू शकला, तर आपण निदान आपले स्वतःचे शब्द जपावेत, ही अपेक्षा मोठी नाही.

शेवटी एकच शब्द राहिला आहे, आणि तो आजच्या आमंत्रणपत्रिकेवरच छापलेला आहे. आपण आजच्या मेळाव्याला 'स्नेहसंमेलन' म्हणतो. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेल आणि 'स्नेह' म्हणजे प्रेम. दोहोंना एकच शब्द. जे दोन कोरड्या वस्तूंमधील घर्षण कमी करते आणि दिव्याची वात जळत ठेवते, त्याला आपल्या पूर्वजांनी प्रेमाचे नाव दिले. महाराष्ट्रात शाळा, संस्था, ज्ञाती सारेच स्नेहसंमेलने भरवितात. परंतु स्नेह काढणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता, त्यांच्या संमेलनाला हे नाव अधिक शोभते. ते शोभण्यासाठी एकबैले-दोनबैले हा भेद उंबऱ्याबाहेर ठेवावा, माप खरे ठेवावे, आणि 'तुम्ही कोण?' असे कोणी विचारले तर मान वर करून सांगावे, 'आम्ही तेली.' अर्थ विचारला तर तोही सांगता यावा.